थिसिसचे रेफरन्स कसे लावायचे, बाइंडिंगवाल्याकडे जायच्या आधी

मागच्या आठवड्यात मावसबहिणीनं थिसिस पाठवला, म्हणे दादा फक्त रेफरन्स बघून दे. उघडून पाहतो तर एकाच यादीत कुठं वर्ष कंसात, कुठं शेवटी, कुठं आडनाव आधी आणि कुठं 'प्रा. डॉ.' लावून अख्खं नाव. म्हटलं बाई तू हे काय करून राहिली! दोन रात्री गेल्या त्यात, म्हणून आता लिहूनच ठेवतो.

आधी गाईडला विचारा की डिपार्टमेंटला रेफरन्स लिहायची कोणती स्टाईल लागते. सोशल सायन्स, एज्युकेशनवाल्यांना बहुतेक एपीए, साहित्यवाल्यांना एमएलए, इतिहासवाल्यांना शिकागोच्या तळटीपा, इंजिनिअरिंगवाल्या पोट्ट्यांना आयईईईचे चौकोनी कंसातले नंबर. एक धरली की शेवटपर्यंत तीच.

मी एपीएचंच सांगतो, बाकीच्या मला तेवढ्या हाताखालच्या नाहीत. त्याच्या नियमपुस्तकाची चालू आहे ती सातवी आवृत्ती, २०१९ ची, आणि सिनियरनं दिलेली फाईल असते सहावीची, सगळा घोळ तिथून सुरू होतो. सहावीत प्रकाशकाचं शहर लिहायचे, आता नाही लिहायचं. तीन किंवा जास्त लेखक असले की मजकुरात पहिल्याच वेळी पहिलं आडनाव आणि 'एट अल.' (म्हणजे 'आणि इतर'), पूर्णविराम फक्त 'अल' नंतर. डीओआय, म्हणजे ऑनलाईन लेखाचा कायमचा ओळखनंबर, पूर्ण लिंक म्हणून द्यायचा, आधी 'डीओआय:' नको आणि शेवटी टिंब पण नको.

जर्नलच्या लेखाचा क्रम असा: आडनाव, आद्याक्षरं, कंसात वर्ष, लेखाचं शीर्षक, जर्नलचं नाव, खंड, लगेच चिकटून कंसात अंक, मग पानं. तिरकं (इटॅलिक) काय करायचं तर जर्नलचं नाव आणि खंड, अंक सरळच राहतो, लेखाचं शीर्षकही सरळ. इंग्रजी शीर्षकात पहिला शब्द, कोलननंतरचा शब्द आणि विशेषनामं एवढ्यांनाच कॅपिटल. गूगल स्कॉलरवरून कॉपी मारली की हेच चुकलेलं येतं आणि आपण डोळे झाकून पेस्ट करतो.

पुस्तकाची जुनी आणि नवी आवृत्ती असली तर? बाबासाहेबांचं 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' १९३६ चं, तुम्ही वाचली २०१४ ची आवृत्ती, तर मजकुरात (आंबेडकर, १९३६/२०१४), यादीत २०१४ आणि शेवटी कंसात मूळ प्रकाशन १९३६. नुसतं २०१४ लिहिलं तर वाचणारा म्हणेल हे काय लावून राहिला भाऊ.

मराठी पुस्तक इंग्रजी पेपरमध्ये आणायचं असेल तर खरी गंमत. शीर्षक रोमन लिपीत लिहायचं आणि पुढं चौकोनी कंसात त्याचा इंग्रजी अर्थ. आडनावाचं स्पेलिंग एकदा ठरवलं की ठरवलं, एका पानावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं असं केलं की यादीत एकच माणूस दोन ठिकाणी जाऊन बसतो. आणि डॉ., प्रा., श्री. हे सगळं काढून टाका, इथं मानपान नसतो.

मुलाखतींचं सगळ्यांचंच चुकतं. कळमन्याच्या मार्केटात तुम्ही संत्र्याच्या व्यापाऱ्यांशी अभ्यासासाठी बोलले तर तो तुमचा डेटा आहे, त्याचा रेफरन्स होत नाही, मजकुरातच सांगायचं की हे सहभागी व्यक्तीचं म्हणणं आहे. पण एखाद्या तज्ज्ञानं ईमेलवर काही कळवलं तर ते वैयक्तिक संवाद म्हणून मजकुरात, तारखेसकट, यादीत नाही, कारण वाचणाऱ्याला तो ईमेल कुठून मिळणार? तसंच एकाचं पुस्तक वाचलं आणि त्यात दुसऱ्याचं वाक्य सापडलं, तर यादीत तेच जे हातात धरून वाचलं.

रेफरन्स वाढवले तर प्लेजरिझम, म्हणजे दुसऱ्याचा मजकूर उचलल्याचा आकडा, वाढतो, असं कोणीतरी पोरांच्या डोक्यात भरवून दिलंय. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत साम्य मोजताना संदर्भयादी वगळायचीच आहे. घाबरून यादी कापू नका.

झोटेरो टाका, रेफरन्स सांभाळणारं सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे, वर्डमध्ये चालतं. पण त्यात भरलेली माहिती एकदा डोळ्यानं बघाच, लेखकाच्या रकान्यात कधी कधी जर्नलचं नाव घुसलेलं असतं. आणि चॅटबॉटला रेफरन्स मागितले असतील तर प्रत्येक डीओआय उघडून बघा, तो नसलेले लेख पण मोठ्या ऐटीत देतो.

शेवटी वर्डमध्ये सगळी यादी सिलेक्ट करून कंट्रोल आणि टी दाबा, दुसऱ्या ओळीपासून अर्धा इंच आत जाते. मग प्रिंट काढा, पेन घ्या, मजकुरातला एकेक कंस यादीत शोधून टिक करा आणि यादीतलं एकेक नाव उलटं मजकुरात शोधा. बहिणीच्या यादीत अकरा नावं अशी निघाली की मजकुरात त्यांचा पत्ताच नव्हता. विचारलं तर म्हणे, दादा, यादी भरीव दिसावी म्हणून टाकली.