जुन्या बोटीचा डॅशबोर्ड आणि मीटर बदलताना

आपल्याकडे रामटेकजवळच्या खिंडसी तलावासारख्या गोड्या पाण्यावर चालणाऱ्या बोटीचा डॅशबोर्ड खाऱ्या हवेने नाही, उन्हाने खराब होतो. नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) उघड्यावर राहिलेल्या बोटीच्या ॲक्रिलिक पॅनेलला स्क्रूपाशी तडे जातात, मीटरच्या काचा पिवळ्या पडतात आणि मग पावसाळ्यात आत वाफ धरते. काम हिवाळ्यात काढा. मे महिन्यात इपॉक्सी (दोन भाग कालवून लावायचा, पाणी अडवणारा लेप) कालवलं की ते डब्यातच गरम होऊन घट्ट होतं.

नवे मीटर मागवायच्या आधी टाकीतला सेंडर, म्हणजे पेट्रोलची पातळी मीटरला कळवणारा भाग, मोजा. बहुतेक घोटाळा इथेच होतो. अमेरिकी पद्धतीचा सेंडर टाकी रिकामी असताना 240 ओहम (विद्युतरोधाचं माप) आणि भरलेली असताना 33 ओहम दाखवतो. युरोपीय पद्धतीचा उलटा: रिकामी 10, भरलेली 180. जोडी चुकली तर टाकी भरताना काटा खाली येतो. सेंडरची वायर काढून मल्टिमीटर लावा, पण अर्ध्या टाकीवर मोजू नका. तिथे दोन्ही प्रकारचे सेंडर शंभरच्या आसपास आकडा देतात आणि काहीच कळत नाही. टाकी जवळजवळ रिकामी किंवा पूर्ण भरलेली हवी. ऑइल प्रेशर आणि तापमानाच्या सेंडरचेही असेच वेगवेगळे प्रकार असतात, म्हणून मीटर आणि सेंडर एकाच मेळाचे घ्या. जुना सेंडर गंजलेला असेल तर तोही बदला.

आता बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. पॅनेलच्या मागचे फोटो घ्या आणि प्रत्येक वायरला मास्किंग टेपची चिठ्ठी लावा. अमेरिकी पद्धतीच्या वायरिंगमध्ये जांभळी वायर किल्लीनंतरच्या करंटची, राखाडी आरपीएमची (इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांची), गुलाबी पेट्रोलची, फिकट निळी ऑइल प्रेशरची, बदामी तापमानाची आणि काळी निगेटिव्हची असते. मात्र जुन्या बोटीत आधीच्या मिस्त्रीने हाताला आली ती वायर जोडलेली असू शकते, तेव्हा रंगावर विसंबू नका, मल्टिमीटर लावून खात्री करा. आउटबोर्डची (बोटीच्या मागे बाहेर लावलेल्या इंजिनची) इंजिन बंद करणारी वायर, जी बऱ्याचदा काळी-पिवळी असते, ती वेगळी बांधून ठेवा. तिला चुकून 12 व्होल्ट लागले तर सीडीआय, म्हणजे इंजिनला ठिणगी देणारं इलेक्ट्रॉनिक युनिट, जळतं. सेफ्टी दोरीचा (चालक पडला की इंजिन बंद करणारा) स्विचही याच वायरवर असतो. तो नव्या पॅनेलवर आलाच पाहिजे.

पॅनेलसाठी 9 किंवा 12 मिमीचा, आयएस 710 शिक्का असलेला मरीन प्लाय घ्या. आयएस 303 चा स्वस्त, साधा प्लाय पावसाळ्यात फुगतो. ॲक्रिलिकच हवं असेल तर लक्षात ठेवा, 900 मिमी लांबीची पट्टी जानेवारीची पहाट आणि मे महिन्याची दुपार यांच्यात सुमारे 3 मिमी लांब होते. 4 मिमीच्या स्क्रूला 6 मिमीचं भोक ठेवा, खाली रबर वॉशर घाला आणि स्क्रू कचकचून आवळू नका.

आधी पुठ्ठ्याचा नमुना कापून जागेवर बसवून पाहा. सुकाणू मधल्या स्थितीत ठेवा, सीटवर बसा; सुकाणूच्या आऱ्यांआड मीटर जात असेल तर तो आत्ताच सरकवा. लहान मीटरला साधारण 53 मिमी आणि मोठ्याला 86 मिमीचं भोक लागतं, तरी हातातल्या मीटरचं माप घेऊनच कापा. मागे ब्रॅकेट आणि नट फिरवायला बोटं जातील एवढं अंतर सोडा. होल-सॉ (गोल भोक पाडणारी करवत) हळू चालवा, भोक थोडं कमी पडलं तर कानशीने वाढवा. प्लायच्या प्रत्येक कापलेल्या कडेला, भोकांच्या आतल्या बाजूलाही, इपॉक्सीचे दोन हात द्या. व्हिनेगरसारख्या वासाचं सिलिकॉन इथे नको; ते तांबं खातं. न्यूट्रल सिलिकॉन मागा.

वायर कल्हई केलेल्या तांब्याची, दीड स्क्वेअर एमएमची. किल्लीकडून येणाऱ्या वायरला 5 ॲम्पिअरचा फ्यूज. निगेटिव्ह मात्र एका मीटरवरून दुसऱ्यावर उड्या मारत नेऊ नका: पॅनेलमागे बसबार (अनेक वायरी एकत्र जोडायची धातूची पट्टी) बसवा, प्रत्येक मीटरची निगेटिव्ह तिथे आणा आणि तिथून अडीच एमएमची एकच वायर बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत न्या. लाइट लावल्यावर पेट्रोलचा काटा हलला तर दोष बहुतेक वेळा निगेटिव्हचाच असतो. वायरच्या टोकाला थिंबल (धातूची टोपी) क्रिम्प करा, म्हणजे दाबून बसवा, ओढून पाहा, वर गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा. ब्रॅकेटचे नट हातानेच घट्ट करा; पान्याने आवळले की मीटरची बॉडी दबते, रिंग सुटते आणि आत पाणी जातं.

किल्ली चालू करून तपासणी करा. 240-33 च्या पेट्रोल मीटरची सेंडरची वायर काढली की काटा रिकाम्यावर पडला पाहिजे आणि मीटरवरचं ते टर्मिनल निगेटिव्हला टेकवलं की भरलेल्यावर गेला पाहिजे. युरोपीय मीटरचं याच्या बरोबर उलट. या तपासणीत मीटर नीट वागला, पण वायर जोडल्यावर चुकीचं दाखवू लागला, तर सेंडर किंवा वायर बघा. आरपीएम मीटरच्या मागे छोटा निवडक स्विच असतो. 12 पोलच्या (चुंबकी ध्रुवांच्या) अल्टरनेटरला, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राला, तो 6 वर हवा. 4 वर राहिला तर 800 आरपीएमला 1200 दिसतात. काटा थरथरत असेल तर करंट बंद करून हा स्विच काही वेळा मागेपुढे फिरवा, कारण त्याच्या संपर्कांवर थर जमतो. इंजिन चालू असताना व्होल्टमीटर 13.8 ते 14.5 च्या दरम्यान दिसावा, 12.6 वरच राहिला तर चार्जिंग होत नाही.

शेवटी रिकाम्या टाकीपासून भरायला सुरुवात करून दर 5 लिटरला काटा कुठे येतो ते लिहून ठेवा. बोटीच्या टाक्या तळाला निमुळत्या असतात, त्यामुळे काटा अर्ध्यावर असला तरी पेट्रोल अर्ध्यापेक्षा कमीच उरलेलं असतं.