नेरळ स्टेशनचं मॉडेल: मी केलेल्या चुका, तुम्ही टाळा

हिरवागार डोंगर, ओला फलाट, पत्र्यावरून ओघळलेले गंजाचे डाग, छत्र्या घेतलेली माणसं, आणि नॅरोगेजच्या फलाटाला लागलेली माथेरानची गाडी. दोन वर्षं खपून केलेल्या मॉडेलचा हा पहिला फोटो मी मोठ्या ऐटीत एका ओळखीच्या काकांना दाखवला. काका मोटरमन म्हणून निवृत्त झालेले, मुक्काम कर्जत. त्यांनी चष्मा वर केला, फोन डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "झकास झालंय रे. पण एवढ्या पावसात ही निघाली कुठे?"

पावसाळ्यात नेरळहून माथेरानची गाडी बंद असते. वर डोंगरावरच्या अमन लॉज स्टेशनपासून माथेरानपर्यंतची शटल तेवढी चालू राहते. जन्म डोंबिवलीत गेलेल्या माणसाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण पावसाळ्यातलं नेरळ मला आवडतं आणि झुकझुक गाडीही आवडते, म्हणून दोन्ही एका फळीवर आणून ठेवलं. काका एवढ्यावर थांबले नाहीत. "सिग्नल उजव्या हाताला लावलायस. आणि लोकलही उजव्या रुळावर." आपल्याकडे गाड्या डावीकडून धावतात आणि सिग्नलही रुळाच्या डाव्या हाताला असतो. परदेशी मॉडेलांचे व्हिडिओ बघून बघून माझा हात तसाच वळला होता.

काल्पनिक स्टेशन केलंत तर हे सगळं खपतं. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं म्युझियम १९९८ पासून आहे, ते जरूर बघा. तिथलं शहर कुठल्या एका गावाची नक्कल नाही, त्यामुळे त्यांना मोकळीक आहे. आपण पाटीवर 'नेरळ' लिहिलं की रोज तिथे उतरणारा प्रत्येक माणूस आपला परीक्षक होतो.

साल आणि महिना आधी ठरवा

माझी सगळ्यात महागात पडलेली चूक हीच. माथेरानची लाइन १९०७ साली सुरू झाली. वाफेची इंजिनं तिथे १९८२ पर्यंत होती, मग डिझेल आलं. २६ जुलै २००५ च्या पावसानं लाइन वाहून नेली, ती २००७ मध्ये पुन्हा चालू झाली. २०१९ च्या पावसात पुन्हा नुकसान झालं आणि नेरळपासूनची गाडी थेट ऑक्टोबर २०२२ मध्ये सुटली. इकडे मोठ्या लाइनवर पिवळ्या-तपकिरी लोकल गेल्या, पांढऱ्या-जांभळ्या आल्या. या नव्या गाड्या मुंबईत २००७ पासून दिसू लागल्या. वरच्या तारेत १५०० व्होल्ट डीसी होतं, ते टप्प्याटप्प्यानं २५ हजार व्होल्ट एसी झालं आणि मध्य रेल्वेवरचं हे काम २०१६ मध्ये संपलं. एसीचे इन्सुलेटर लांब असतात, म्हणजे खांबसुद्धा साल सांगतो.

माझ्याकडे वाफेचं इंजिन होतं आणि जांभळी लोकलही होती. दोन्ही हौसेनं घेतलेली, दोन्ही एकाच फोटोत. यावर उपाय एकच: वहीच्या पहिल्या पानावर साल आणि महिना लिहायचा आणि खरेदीला निघताना ते पान बघायचं. मी आता 'जानेवारी १९८१' लिहिलंय. हिरवा रंग त्यामुळे निम्म्यानं कमी झाला. जानेवारीत नेरळचा डोंगर वाळलेल्या गवताच्या रंगाचा असतो.

स्केलचा घोळ

दुकानात सहज मिळतात ते एचओचे, म्हणजे १:८७ चे (खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाचे) रूळ. दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिमी. ते युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिमी गेजसाठी बरोबर आहे. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिमी. त्याला ८७ नं भागा: १९.३ मिमी येतात. म्हणजे आपली लोकल जवळजवळ तीन मिलिमीटर अरुंद रुळावर उभी राहते. बाजूनं बघताना कोणाच्या लक्षात येत नाही, समोरून फोटो काढला की डबा रुळावर तोल सावरत उभा असल्यासारखा दिसतो. बहुतेक जण हे चालवून घेतात, मीही घेतो, फक्त फोटो समोरून घेत नाही.

नेरळला मात्र खरी गंमत दोन गेजांच्या शेजाराची आहे. माथेरानची लाइन ६१० मिमीची. मोठी लाइन तिच्या पावणेतीनपट रुंद. मी छोट्या गाडीसाठी ९ मिमीचे रूळ आणले, कारण त्यावरचं सामान भरपूर मिळतं. १६.५ भागिले ९ म्हणजे जेमतेम १.८ पट. झालं, माथेरानची गाडी लोकलची धाकटी बहीण दिसायला लागली. नेरळला उतरल्यावर ती गाडी बघून पोरं जी हरखून जातात ते सगळं गेलं. मग ते उखडून ६.५ मिमीचे, झेड गेजचे रूळ टाकले. आता प्रमाण २.५ पट आलं आणि नजर फसली. या रुळांचे स्लीपर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्या, फार बारीक आणि दाट असतात. ते कापून काडेपेटीच्या काड्यांचे बसवा किंवा सरळ मातीत बुजवून टाका. एकेक माप काटेकोर नसलं तरी चालतं, दोन शेजारच्या वस्तूंमधलं प्रमाण चुकलं की डोळ्याला लगेच खुपतं.

लांबीचंही तसंच. बारा डब्यांची लोकल जवळपास २५० मीटर, १:८७ मध्ये पावणेतीन मीटरच्या वर जाते. माझी खोली बारा फुटी, म्हणजे ३.६ मीटर. आत-बाहेर यायला रूळ बदलायचे सांधे कुठे टाकणार? म्हणून मी पहिल्यांदा सगळंच दाबलं: फलाट आखूड, शेड बुटकी, खांब जवळजवळ. बाहुलीघर झालं. आता फलाटाच्या शेडचे गाळे कमी केलेत, पण प्रत्येक गाळा पूर्ण मापाचा आहे. पादचारी पूल, शेडची उंची, फलाटाची उंची यांना हात लावायचा नाही. ओव्हरहेडचे खांब सरळ मार्गावर ७२ मीटरपर्यंत लांब असू शकतात, मॉडेलमध्ये ते ८३ सेंमी होतात. मी २० सेंमीवर एक रोवला होता, बायको म्हणाली, "कपडे वाळत घालायला केलंयस का?"

डोंगराचा तर हिशेबच करू नका. माथेरान सुमारे ८०० मीटरवर, नेरळ चाळीसेक मीटरवर. १:८७ मध्ये डोंगर पावणेनऊ मीटर उंच होतो, तीन मजली इमारत. तो पडद्यावर रंगवायचा, निळसर फिका, आणि पडदा मॉडेलपासून वीतभर मागे ठेवायचा. नाहीतर विजेच्या खांबाची सावली थेट डोंगरावर पडते.

मापं कुठून आणायची, हे बरेच जण विचारतात. रुळांत उतरायचं नाही. तो गुन्हाही आहे आणि जिवाशी खेळही. फलाटावरून काढलेल्या फोटोत स्लीपर मोजा. मोठ्या लाइनवर दोन स्लीपरमध्ये साधारण ६० सेंमी असतात. शेडचे दोन खांब किती स्लीपरांएवढे लांब आहेत ते मोजलं की झालं, टेपची गरज नाही.

काळी वाळू

खडीसाठी नदीची वाळू वापरू नका, तिचे कण गोल असतात. रुळाखालच्या खडीचा मोठ्यात मोठा दगड ६५ मिमीचा, म्हणजे मॉडेलमध्ये पाऊण मिलिमीटर. फोडलेल्या काळ्या दगडाची भुकटी चाळून घ्यावी लागते. मी शहाणपणा केला: रत्नागिरीला गेलो होतो, किनाऱ्यावरची काळी वाळू पिशवी भरून आणली. रंग अगदी हवा तसा. फेविकॉलच्या पाण्यात बसवली, वाळली, सुरेख दिसली. चौथ्या दिवशी इंजिनातून दळण दळल्यासारखा आवाज यायला लागला. उघडलं तर मोटरच्या चुंबकाला काळी मिशी फुटलेली! त्या वाळूत लोहखनिज असतं आणि चुंबक ते खालून उचलून घेत होता. अख्खी सव्वातीन मीटर खडी खरवडून काढली. तेव्हापासून कुठलीही माती, वाळू, दगडाची पूड कागदावर पसरून कागदाखालून चुंबक फिरवतो. एक कण जरी हलला तरी ती पिशवी कुंडीत जाते.

गाडी अडते तेव्हा

आधी दोष कोणाचा ते ठरवा. दोन वेगळी इंजिनं एकाच जागी अडत असतील तर दोष रुळात. एकच इंजिन जागोजागी अडत असेल तर चाकं पुसा, रूळ घासत बसू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती फडकं पुरतं. पॉलिश पेपरनं रुळावर ओरखडे पडतात आणि त्यात मळ दुप्पट बसतो.

गाडी कंट्रोलरजवळ पळते आणि लांबच्या टोकाला रांगते, याचं कारण बहुतेक वेळा रुळांच्या जोडपट्ट्या असतात. वीज त्यांच्या भरवशावर सोडायची नाही. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र वायर सोल्डर करा. डीसीसी (रुळांतून डिजिटल हुकूम पाठवून गाडी चालवायची यंत्रणा) असेल तर एक रुपयाचं नाणं दोन्ही रुळांवर आडवं ठेवून बघा. यंत्रणा तत्क्षणी बंद पडली पाहिजे. एखाद्या ठिकाणी ती बंद पडत नसेल तर तिथली वायर बारीक आहे आणि एक दिवस तिथेच काहीतरी वितळेल.

उन्हाळ्यात रूळ वाकडे झाले की लोक म्हणतात रूळ तापून वाढले. घरात एवढं काही तापत नाही. पावसाळ्यात फुगलेली फळी एप्रिलमध्ये आकसते आणि रुळांना जागा उरत नाही. माझी पहिली फळी स्वस्तातल्या प्लायची होती, ऑगस्टमध्ये तिला पापडासारखा बाक आला. वॉटरप्रूफ प्लाय घ्या, वरून-खालून आणि कडांनाही रंग द्या, आणि रूळ कोरड्या दिवसांत टाका.

माथेरानच्या चढाचा मोह होतो, मलाही झाला. खऱ्या लाइनवर २० ला १ चा चढ आहे. मॉडेलमध्ये मीटरला पाच सेंटिमीटर. इंजिन दोन डबे घेऊन जागच्या जागी चाकं फिरवत बसतं. नेरळपुरतं मॉडेल असेल तर चढ करूच नका. खरी लाइनसुद्धा स्टेशनातून निघाल्यावर थोडा वेळ मुख्य मार्गाला समांतर, सपाटीवरूनच जाते. तिला तशीच एखाद्या झाडाआड जाऊ द्या.

फोटो

आपण मॉडेलकडे वरून बघतो आणि फोटोही वरूनच काढतो, म्हणून फोटोत खेळणं दिसतं. फलाटावर उभ्या माणसाचा डोळा १.६ मीटरवर, एचओमध्ये १८ मिमीवर. मोठा कॅमेरा तिथे बसतच नाही. फोन बसतो, पण सरळ धरला तर लेन्स वर राहते. तो उलटा करा, लेन्सची कड खाली, आणि फलाटावर उभा करा. चित्र नंतर फिरवून घ्या. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा स्क्रीनवर फलाट लांबवर जाताना दिसला आणि पाटीवरचा 'ळ' मी 'ल'सारखा काढलाय हेही दिसलं. दोन वर्षांत नुसत्या डोळ्यांना दिसलं नव्हतं.

मागचं-पुढचं धूसर झालं तरी खेळणं वाटतं. मोठ्या कॅमेऱ्यात छिद्र फार बारीक केलं, एफ २२ वगैरे, तर सगळंच मऊ पडतं. एफ ११ च्या आसपास ठेवून फोकस थोडा थोडा पुढे सरकवत आठ-दहा फोटो घ्या आणि सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करा. एलईडीच्या उजेडात फोटोवर आडवे पट्टे आले तर शटर १/५० किंवा १/१०० वर आणा. आपल्या विजेचं स्पंदन सेकंदाला शंभर वेळा होतं.

सूर्य एकच असतो, त्यामुळे दिवाही एकच लावा, तोही दोन मीटर लांबून. जवळच्या दिव्यानं सावल्या पंख्यासारख्या पसरतात. दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा केला की काळोख्या भागात उजेड येतो. त्याहून बरं म्हणजे फळी सुट्या तुकड्यांत करा आणि स्टेशनचा तुकडा गॅलरीत उन्हात न्या. मात्र माथेरानचा डोंगर नेरळच्या नैर्ऋत्येला आहे. सकाळी त्याच्या तोंडावर ऊन असतं, संध्याकाळी तो सावळा होतो आणि उजेड त्याच्यामागून येतो. माझ्या 'सकाळची पहिली लोकल' या फोटोत सूर्य माथेरानमागून उगवलाय. काकांना तो अजून दाखवलेला नाही.

शटर दाबण्याआधी मऊ ब्रश फिरवा. परवा मांजराचा एक केस राहिला आणि नेरळच्या एक नंबर फलाटावर दोरखंड पडलेला दिसला, जाडजूड, तिकीट खिडकीपासून पार पाणपोईपर्यंत.