मणक्यातला प्रत्येक फोड टीबीचा नसतो

कोकणात नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरांना मणक्याचं हाड पोखरलेलं दिसलं, पाय लुळे पडू लागले, की पहिलं नाव सुचतं ते टीबीचं. बहुतेकदा बरोबरच असतं. तरी औषधं सुरू करण्याआधी कुत्री-मेंढरांची चौकशी करा. दिवाळीनंतर धनगर घाट उतरून येतात, खतासाठी कळप शेतात बसवले जातात आणि कळपाबरोबर कुत्री असतातच. कुत्र्याच्या विष्ठेतली हायडॅटिडची, म्हणजे कुत्र्याच्या आतड्यातल्या एका फीतकृमीची अंडी माणसाच्या पोटात गेली की गाठी बहुधा यकृतात नाहीतर फुप्फुसात होतात. हाडात क्वचितच, पण झाल्या तर साधारण निम्म्या वेळा मणक्यात.

एमआरआयवर द्राक्षांच्या घडासारख्या पाण्याच्या गाठी दिसतात. टीबीत मणक्यांमधली चकती सहसा लवकर खराब होते, इथे ती बराच काळ शाबूत राहते. हायडॅटिडची रक्ततपासणी निगेटिव्ह आली म्हणून निश्चिंत होऊ नका. हाडातल्या आजारात ती फसवते. आणि शंका असेल तर सुई घालून तुकडा काढायची घाई नको. गाठ फुटली तर जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी येऊ शकते, शिवाय आजार आजूबाजूला पेरला जातो.

मुख्य उपचार शस्त्रक्रियाच, जोडीला जंतावरचं औषध अल्बेंडाझोल: दिवसाला किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत, कित्येक महिने. गोळी स्निग्ध जेवणाबरोबर जास्त शोषली जाते. आपल्याकडे नारळाचं वाटण असतंच, पथ्य म्हणून ते बंद करायला सांगू नका. लिव्हरच्या आणि रक्तपेशींच्या तपासण्या मात्र चुकवायच्या नाहीत. आजार उलटतो, म्हणून वर्षानुवर्षं बोलवत राहा.

डुकराच्या फीतकृमीच्या अळीच्या गाठी मज्जारज्जूतही होतात, आणि तिची अंडी पोटात गेली तर अगदी शाकाहारी माणसालाही. तिथे मेंदूचा एमआरआय आणि डोळ्यांची तपासणी आधी, अल्बेंडाझोल नंतर, तेही स्टेरॉइडच्या आधाराने.

गुहागर तालुक्यातल्या गिमवीत १९५२ साली शिस्टोसोमियासिसची, म्हणजे गोड्या पाण्यातून कातडीवाटे शिरणाऱ्या जंताच्या आजाराची नोंद झाली. तिथला आजार लघवीतून रक्त जाण्याचा. पण बोटीवरच्या नोकरीत आफ्रिकेतल्या तळ्यात-नदीत पोहून आलेल्या खलाशाचे पाय अचानक दुबळे झाले, तर हा जंत मज्जारज्जूत असू शकतो. प्राझिक्वांटेल आणि स्टेरॉइडने पुष्कळजण सुधारतात.

सावंतवाडीकडचे रुग्ण गोव्यातलं बांबोळीचं मेडिकल कॉलेज गाठतात, बाकीचे कोल्हापूर-मुंबई. लघवी अडकली असेल तर कॅथेटर घालूनच गाडीत बसवा. सोबत एमआरआयची सीडी द्या आणि चिठ्ठीत ‘हायडॅटिडची शंका’ असं ठळक लिहा, नाहीतर पुढच्या ठिकाणी कुणीतरी सुई घालेल.