कारखाना निवडताना नगाचा दर घड्याळासमोर ठेवा

हाताने बनवलेल्या पिशव्या किंवा पाकिटांचा छोटा ब्रँड चालवणाऱ्यांनी धारावीतल्या एखाद्या कारखान्याला जॉबवर्क देण्यापूर्वी, सॅम्पल शिवले जात असताना कारागिराशेजारी घड्याळ घेऊन बसावे. समजा, एका पाउचला चाळीस मिनिटे लागतात आणि कारागिराच्या हातात नगामागे ३० रुपये पडतात. म्हणजे आठ तासांत १२ नग आणि ३६० रुपये. हा आकडा महाराष्ट्र शासनाने त्या उद्योगासाठी ठरवलेल्या किमान वेतनाशी ताडून पाहावा. तो कमी भरला, तर ‘स्वस्त’ कोटेशनमधली बचत कोणाच्या खिशातून येते हे वेगळे विचारावे लागत नाही.

कारखान्याच्या माळ्यावर जरूर चढावे. चामडे चिकटवण्याच्या सोल्यूशनचा उग्र वास तिथे कोंडलेला असेल, पंखा बंद असेल किंवा खाली उतरायला एकच शिडी असेल, तर भिंतीवरच्या प्रमाणपत्रांना फारसा अर्थ नाही. चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बालकामगार कायद्याच्या २०१६च्या दुरुस्तीपासून, मोजके अपवाद वगळता, सर्वच उद्योगांत बंदी आहे, आणि माल पोटकंत्राटाने बाहेर जात असेल तर तिथलाही पत्ता मागावा.

आपली बाजूही तपासावी (इथेच बहुतेक जण चुकतात). नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उद्योगाचे पैसे २००६च्या कायद्यानुसार, लेखी करार असला तरी, माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांत चुकते करावे लागतात. दिवाळीच्या तोंडावर ऑर्डर दुप्पट करून माल देण्याची मुदत तीच ठेवली, तर रात्रपाळी आपणच लादलेली असते.