पुण्यात चालकाविना मोटार आणायची, तर सुरुवात कुठून करायची

महापालिकेत अर्ज देऊन सुरुवात करू नका. चालकाविना मोटारीला मुभा देणं महापालिकेच्या हातात नाही आणि वाहतूक पोलिसांच्याही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ३ नुसार सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवायला परवानाधारक माणूस लागतो. त्यातून सूट फक्त केंद्र सरकार देऊ शकतं, २०१९ च्या दुरुस्तीत आलेल्या कलम २-बी खाली. म्हणून पहिला टप्पा परवानाधारक चालक सीटवर बसवूनच आखा. म्हणजे कलम ३ मोडत नाही आणि कलम १४६ च्या विम्याची बोलणीही सोपी जातात. गाडीच्या तपासणीसाठी लांब जायला नको, वाहनांच्या चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था वेताळ टेकडीवरच आहे.

शहराच्या हातात आहे ती चाचणीची हद्द आखणं, आणि ते काम लहान नाही. कलम ११५ खाली ठरावीक रस्त्यावर, ठरावीक वेळी वाहनांवर निर्बंध घालता येतात. निर्बंध महिन्याच्या आतले असतील तर राजपत्राची गरज नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. पहिली चाचणी या एका महिन्याच्या मुदतीत बसवा. हिंजवडी निवडलंत तर पोलिस पिंपरी-चिंचवडचे आणि आयटी पार्कातले रस्ते एमआयडीसीचे. पुण्याच्या पोलिस आयुक्तालयात फाईल फिरवून उपयोग नाही.

गाडी ज्यावरून रस्ता ओळखते त्या नकाशाचं आधी बघा. केंद्राच्या २०२१ च्या नकाशाविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार आडव्या मापात एक मीटरपेक्षा बारीक नकाशे भारतीय कंपन्यांनीच करायचे आहेत. आणि नकाशा शिळा होतो: सकाळी केबलसाठी चर खणला की दुपारी लेन दोन फूट सरकलेली असते. खोदाईची परवानगी निघाली की त्याच दिवशी चाचणी पथकाला कळवायचं, ही अट लेखी घाला.

गाडी अडते ती स्पीडब्रेकरवर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी-९९ या मानकाप्रमाणे तो ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच हवा. गल्लीतला डांबराचा अरुंद, उभा ढीग सेन्सरला अडथळा वाटतो, गाडी करकचून थांबते आणि मागची दुचाकी आदळते. मार्गावरचे सगळे आधी मोजून दुरुस्त करून घ्या. रस्त्यावरचे पट्टेही पावसाळा संपल्यावर पुन्हा मारा.

दुसरी अडचण चौकातली. सिग्नल लाल असतानाही हवालदार हात हलवून गाड्या सोडतो. गाडी लाल दिवाच मानणार, मागे भोंगे सुरू. अशा वेळी सीटवरच्या चालकाने ताबा घ्यायचा आणि वेळ, जागा नोंदवायची. ही नोंद २४ तासांत पोलिसांकडे जावी. पालखी आणि विसर्जनाच्या दिवशी चाचणी पूर्ण बंद.

चालक सीटवरून उठवायचा विचार या नोंदी वाचल्यावरच करा. तो अर्ज दिल्लीला जातो.