माउंटन बाइकसाठी रुंद फ्लॅट पेडल कसं निवडावं आणि बसवावं

फ्लॅट पेडलच्या (बूट न अडकवता ज्यावर नुसता पाय ठेवतात, त्या सपाट पेडलच्या) खोक्यावर ‘११० × १०५ मिमी’ असं ठळक छापलेलं असतं आणि बरीचशी खरेदी त्या आकड्यावरच उरकते. त्यातला किती भाग बुटाखाली येतो, मधला भाग खोलगट आहे की फुगीर, बुटाचा तळ पकडणारी खिळ्यासारखी पिन वाकली तर बदलता येते का, हे मात्र खोक्यावर सापडत नाही. खडबडीत उतारावर पाय जागेवर राहतो तो या गोष्टींमुळे. म्हणून पेडल बघण्याआधी बूट बघा.

१. बूट मोजा

ज्या बुटात सायकल चालवणार, तो कागदावर ठेवून तळाची कड पेन्सिलीने गिरवा. चवड्याच्या सर्वांत रुंद जागी तळ किती मिमी भरतो ते मोजा. मोठ्या माणसांच्या बुटांत हा आकडा साधारण १०० ते ११५ येतो. पेडलची वापरता येणारी रुंदी याच्या बरोबरीची असावी. पाच-सात मिमी कमी असली तरी काही बिघडत नाही. पाय लहान असेल तर ९५ ते १०० मिमीचं पेडल पुरतं, मोठ्या पायाला ११० ते १२० मिमी लागतं.

तळ कसा आहे तेही आत्ताच पाहा. पळण्याच्या बुटाचा मऊ तळ पेडलभोवती वाकतो, पाय लवकर दमतो आणि पिना तळव्याला टोचतात. ट्रेकिंगच्या बुटाच्या खोल खाचा पिनांच्या रांगांशी जुळत नाहीत, त्यामुळे एकदा पाय घट्ट बसतो तर दुसऱ्यांदा पिनांच्या टोकांवर तरंगतो. हवा तो सपाट, मध्यम कडक, उथळ नक्षीचा, चिकट रबराचा तळ. बूट आणि पेडल यांतलं एकच घेण्याइतके पैसे असतील तर बूट घ्या. साध्या पेडलवर चांगला बूट धरून राहतो. कडक, गुळगुळीत तळ महागड्या पेडलवरूनही घसरतो.

२. खरी रुंदी काढा

बऱ्याच पेडलांना क्रँकच्या (पेडल ज्या दांड्याला बसतं त्याच्या) बाजूला बेअरिंगसाठी फुगवटा असतो. बूट त्याला टेकला की पाय बाहेर ढकलला जातो आणि आतला पट्टा वाया जातो. दुकानात असाल तर फुगवट्याच्या कडेपासून सर्वांत बाहेरच्या पिनेपर्यंत फूटपट्टीने मोजा. ऑनलाइन घेताना बरोबर वरून काढलेला फोटो शोधा आणि फुगवट्याने किती जागा खाल्ली आहे ते त्यावर पाहा. छापलेली रुंदी १०५ पण फुगवटा जवळजवळ नाही, असं पेडल पुष्कळदा ११५च्या पेडलपेक्षा पायाला जास्त जागा देतं.

लांबी, म्हणजे पुढून मागचं माप, दुर्लक्षित राहतं. चवडा एक्सलच्या (पेडल ज्या आसाभोवती फिरतं त्याच्या) थोडा पुढे ठेवून उभं राहणाऱ्यांना लांब पेडल मानवतं, कारण तळव्याच्या कमानीखालीही आधार येतो.

३. रुंदीची किंमत समजून घ्या

पेडलची आतली बाजू क्रँकने अडलेली असते, म्हणून वाढलेली रुंदी सगळी बाहेरच्या अंगाला जाते. सायकल ३० अंश कलली असताना १० मिमी जास्त रुंद पेडलची बाहेरची कड ५ मिमी खाली येते. लोक १७५ मिमी लांबीची क्रँक काढून १७० मिमीची बसवतात ती दगडावर पेडल आपटू नये म्हणून. तिथे वाचलेली उंची एवढं रुंद पेडल परत घालवून बसतं. जाडीने यातलं थोडंच भरून निघतं. १८ मिमीऐवजी १२ मिमी जाडीचं पेडल घेतलं तर खालची बाजू फक्त ३ मिमी वर जाते, कारण एक्सल जाडीच्या मधोमध असतो.

तेव्हा तुमच्या वाटेवर उभे दगड, मुळं आणि अरुंद घळी असतील, किंवा सायकलचा बॉटम ब्रॅकेट (फ्रेममध्ये क्रँक ज्यावर फिरतात तो भाग) आधीच खाली असेल, तर बुटापेक्षा रुंद पेडल घेऊ नका. पातळ पेडलचा आणखी एक फायदा: पाय एक्सलच्या जवळ राहतो, त्यामुळे पेडल पायाखाली उलटण्याची ओढ कमी होते. बाहेरच्या कडा उतरत्या घडवलेल्या असतील तर दगडावरून पेडल निसटतं, अडकत नाही.

४. खोलगटपणा तपासा

पकडीच्या बाबतीत माझं मत विचाराल तर रुंदीच्या आधी याचा नंबर लागतो. पेडल आडवं धरा, पुढच्या आणि मागच्या चौकटीवर पट्टी टेकवा आणि मध्ये एक्सलपाशी किती फट राहते ते पाहा. प्रत्येक बाजूला २ मिमीच्या आसपास फट असेल तर पाय आत बसतो. फट शून्य असेल तर काम उंच पिनांवर भागवावं लागतं. आणि मधला भागच वर आलेला असेल, जे जाड एक्सल-नळीच्या स्वस्त पेडलांत सर्रास दिसतं, तर बूट त्या उंचवट्यावर डुलतो. पुढच्या-मागच्या पिना तळाला नीट लागतच नाहीत. असं पेडल कितीही रुंद असलं तरी सोडून द्या.

काही पेडलांत फ्रेम सपाट असते, पण मधल्या पिना आखूड आणि टोकांच्या उंच ठेवून खोलगटपणा आणलेला असतो. हेही चालतं, आणि पुढे जुळवून घेता येतं.

५. पिना पाहा

एका बाजूला ८ ते १२ पिना, ३ ते ५ मिमी उंचीच्या, हे नेहमीचं. सगळ्यात पकड देतात त्या चार कोपऱ्यांतल्या. संख्येपेक्षा पिन कुठून बसवली आहे ते महत्त्वाचं. अॅलन कीचं भोक वरच्या टोकात असलेला बिनडोक्याचा स्क्रू दगडाला आपटला की भोकच चेपतं. मग तो काढायला पक्कड आणि बराच संयम लागतो. पिन पलीकडून आत घातलेली असेल तर वरचं टोक चेपलं तरी मागून की लागते. वाकलेली पिन मात्र आट्यांतून ओढत काढू नका. वाकलेला भाग आधी कापून टाका, नाहीतर बॉडीतले आटे खरवडले जातील.

पेडलसोबत जादा पिना मिळतात का, त्या नेहमीच्या मापाच्या आहेत का, हे घेतानाच विचारा. उंची कमी-जास्त करायला पिनेखाली बारीक वॉशर देणारे उत्पादकही आहेत.

६. बॉडी, एक्सल, बेअरिंग

नायलॉनच्या बॉडीचं पेडल हलकं आणि स्वस्त असतं, आणि दगडावर आपटलं तर बहुधा अडकण्याऐवजी घसरून पुढे जातं. त्याची कमजोरी म्हणजे पिनांची भोकं. तिथले आटे प्लास्टिकचे असतील तर जोराच्या धक्क्याने पिन उपटून येते. पिनेला धातूचा नट असेल ते बघून घ्या. अॅल्युमिनियम पातळ बनवता येतं आणि पिना घट्ट धरतं. नव्याने शिकणाऱ्याने नायलॉनची जोडी घेतली तर काहीच चुकणार नाही.

एक्सल क्रोमोली स्टीलचा असावा. टायटॅनियमने वजन वाचतं, पण त्यावर बऱ्याचदा चालवणाऱ्याच्या वजनाची मर्यादा असते. ती वाचल्याशिवाय घेऊ नका.

दुकानात पेडल हातात घेऊन एक्सल धरा आणि बॉडी वर-खाली हलवा. नवं पेडल डुगडुगता कामा नये. ते भिंगरीसारखं फिरलं म्हणजे उत्तम, हा गैरसमज आहे. चांगल्या सीलचं, ग्रीस भरलेलं नवं पेडल थोडं जड फिरतं आणि फ्लॅट पेडलला तेच बरं, कारण पाय उचलला तरी ते जागेवर थांबतं. सुट्या छऱ्यांच्या पेडलपेक्षा सीलबंद बेअरिंग आणि बुश (एक्सलभोवतीची गुळगुळीत नळी) असलेलं घ्या, आणि त्यांचा बदली संच सुटा मिळतो याची खात्री करा. पातळ पेडलात बेअरिंगही बारीक असतात, त्यामुळे ती लवकर झिजतात.

७. बसवा

आधी आटे जुळतात का पाहा. माउंटन बाइकच्या क्रँकला ९/१६ इंच माप लागतं. लहान मुलांच्या आणि एकसंध क्रँकच्या (दोन्ही दांडे एकाच तुकड्यातले) काही सायकलींना १/२ इंच. दोन्हींत इंचाला २० आटेच असतात, तरी एकाचं दुसऱ्यात बसत नाही.

डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. लक्षात ठेवायची खूण अशी: एक्सलचा वरचा भाग सायकलच्या पुढच्या चाकाकडे फिरवला की दोन्ही पेडलं घट्ट होतात, मागे फिरवला की सुटतात. एक्सलवरची डावी-उजवी खूण तपासा, आटे पुसून त्यांना ग्रीस लावा आणि पहिले तीन-चार फेरे बोटांनीच द्या. बोटांनी फिरत नसेल तर आटे तिरके लागले आहेत. तिथे पान्ह्याने जोर केला की क्रँकच निकामी होते. मग १५ मिमीचा पान्हा, किंवा मागून ६ वा ८ मिमीची अॅलन की लावून ३५ ते ४० न्यूटन-मीटरपर्यंत आवळा. कार्बनच्या क्रँकला मध्ये वॉशर लागतो का, ते तिच्या माहितीपत्रकात पाहा. पहिली फेरी मारून आल्यावर पुन्हा एकदा पान्हा लावून बघा.

८. पिना जुळवा

सगळ्या पिना पूर्ण उंचीवर ठेवून सुरुवात करू नका. नडगीवर नडगीरक्षक चढवा, मधल्या पिना खाली घ्या किंवा काढून टाका, आणि ओळखीच्या वाटेवर चालवा. पाय पुढे-मागे सरकत असेल तर पुढच्या आणि मागच्या रांगेतल्या पिना १ मिमी वर घ्या. पाय उचलून जागा बदलताच येत नसेल तर उलट करा. बाहेरच्या कडेवर बूट लोंबत असेल तर पिनांनी काही होणार नाही. तिथे पेडल अरुंद पडतंय किंवा फुगवटा आड येतोय.

उतारावर पाय उडत असतील तर पिना वाढवण्याआधी टाच बघा. टाच वर राहिली की प्रत्येक धक्का पेडलला मागे-खाली झटकतो आणि बूट वर सुटतो. टाच थोडी खाली दाबली की तोच धक्का पायाला पेडलात रुतवतो. पुष्कळांचं नवं पेडल इथेच टळतं.

चिखलातून आल्यावर पाण्याचा जोराचा फवारा थेट एक्सलवर मारू नका, सीलमधून पाणी आत शिरतं. महिन्यातून एकदा बॉडी हलवून बघा. डुगडुग लागली की आधी टोपण उघडून टोकाचा नट सैल झालाय का तपासा, तो घट्ट करूनही खेळ राहिला तर बुश बदला. पेडल तसंच चालवत राहिलात तर झिजलेला बुश एक्सलवर खाच पाडतो आणि मग नवा बुशही टिकत नाही.