24 तास टिकणारं आयलायनर दोन तासांत का पसरतं? पेन्सिलींची घटकयादी ताडताना या चुका टाळा

गोव्यात मे महिन्यात पेन्सिलीची खरी परीक्षा होते. लग्नाचा मांडव असो की जत्रेतलं रात्रीचं नाटक, वेष्टनावर ‘24 तास’ छापलेलं असतं आणि नांदी संपायच्या आत डोळ्यांखाली काळं उतरलेलं असतं. अशा वेळी पेन्सिलीला नावं ठेवण्याआधी तिची घटकयादी काढून वाचा.

चूक: तासांचे आकडे ताडणं

आकडा सोडा, यादीतली पहिली पाच-सहा नावं, म्हणजे सगळ्यात जास्त प्रमाणात असलेले घटक बघा. समजा एका पेन्सिलीत आयसोडोडेकेन, सिंथेटिक वॅक्स, ट्रायमिथाइलसिलॉक्सिसिलिकेट, पॉलिएथिलीन असा क्रम आहे. दुसरीत हायड्रोजनेटेड कोकोनट ऑइल, एरंडेल, जपान वॅक्स. पहिलीतलं आयसोडोडेकेन रेघ ओढल्यावर मिनिटभरात उडून जातं. मागे उरतं मेण आणि ते लांबलचक नावाचं रेझिन, म्हणजे एक प्रकारची राळ. ही दोन्ही मिळून रंग धरून ठेवणारा कोरडा पापुद्रा बनवतात.

दुसरीत उडून जाण्यासारखं काहीच नाही. हायड्रोजनेटेड खोबरेल साधारण 33 ते 36 अंशांना वितळतं आणि पापणीचं तापमानही जवळपास तेवढंच. ती रेघ दिवसभर ओलीच राहणार. काजळ म्हणून ही पेन्सिल उत्तम असेल, मऊ आणि न ओरखडणारी. पण पहिलीशी तिची तुलनाच होत नाही.

चूक: सगळी सिलिकॉन एकाच मापात मोजणं

सायक्लोपेंटासिलॉक्सेन उडून जातं, पण आयसोडोडेकेनपेक्षा सावकाश. त्यामुळे बोटाने किंवा ब्रशने रेघ पसरवायला थोडा जास्त वेळ मिळतो. नेहमीचं डायमेथिकोन मात्र उडत नाही. रेघ गुळगुळीत ओढली जावी म्हणून ते घातलेलं असतं. यादीत ते वर आहे आणि रेझिनचा पत्ता नाही, असं दिसलं तर ती पेन्सिल छान सरकेल, पण टिकेल याची आशा ठेवू नका.

चूक: रंग शेवटी आहे म्हणजे कमी आहे, असं समजणं

रंगांची नावं यादीच्या शेवटी एकत्र देण्याची पद्धत आहे, त्यामुळे तिथे क्रमावरून प्रमाण कळत नाही. सीआय म्हणजे कलर इंडेक्स, रंगांना दिलेला ठरावीक क्रमांक. सीआय 77499 म्हणजे काळं आयर्न ऑक्साइड, सीआय 77266 म्हणजे कार्बन ब्लॅक. नुसतं आयर्न ऑक्साइड पातळ रेघेत तपकिरी झाक देऊ शकतं. कुळकुळीत काळा हवा तर 77266 शोधा.

चूक: वॉटरप्रूफ म्हणजे तेलालाही दाद न देणारं, हा समज

सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. चांगला सुकलेला पापुद्रा घाम आणि समुद्राचं पाणी सहज झेलतो, पण तेलापुढे सैल पडतो. मेकअप काढायला आपण तेलच वापरतो, ते काही उगाच नाही. आणि किनाऱ्यावर निघताना सकाळी डोळ्यांभोवती काय थापलेलं असतं? सनस्क्रीन. वर पापणीचं स्वतःचं तेल.

दुकानात ‘टेस्टर’ असेल तर मनगटाच्या आतल्या बाजूला दोन रेघा ओढा आणि दोन मिनिटं हात लावू नका. एका रेघेवर पाणी घालून अंगठा फिरवा, दुसरीवर तुमचंच सनस्क्रीन थेंबभर. पाण्यात दोन्ही प्रकारच्या पेन्सिली पास होऊ शकतात. फरक दुसऱ्या रेघेत दिसतो.

उपाय सोपा आहे. सनस्क्रीन लावून दहा मिनिटं थांबा, पापणी टिश्यूने टिपा, किंचित कोरडी पावडर लावा आणि मग रेघ ओढा. त्यानंतर अर्धा ते एक मिनिट खाली बघत राहा. लगेच वर पाहिलं की ओली रेघ पापणीच्या घडीत छापली जाते. सुकल्यावर पुन्हा गिरवू नका, पापुद्रा सुटून कण पडतात.

टोक तुटतं, भुरभुरतं

दोन्हींची कारणं वेगळी. भुरभुरत असेल तर टोपण सैल राहिलंय आणि आयसोडोडेकेन आतल्या आत उडून गेलंय. अशी पेन्सिल परत मऊ होत नाही, तेल चोळून तर मुळीच नाही. तुटत असेल तर बहुधा उष्णता. बंद गाडीचा डॅशबोर्ड उन्हात 60 अंशांच्या वर जातो. मधमाशीचं मेण 62-64 अंशांना वितळतं, कँडेलिला आणि कारनौबा ही वनस्पतींची मेणं अनुक्रमे सत्तरच्या आसपास आणि ऐंशीच्या वर. लाकडी पेन्सिल तासण्याआधी दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. फिरवून वर येणारी असेल तर टोक 2 मिलिमीटरच बाहेर काढा.

यादीच सापडत नाही

भारतात 30 ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या घट्ट सौंदर्यप्रसाधनांवर घटकयादी छापण्याची सक्ती नाही, आणि पेन्सिल जेमतेम ग्रॅमभराची. खोका किंवा कंपनीची वेबसाइट पाहा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात खोक्याविना, बॅच क्रमांकाविना मिळणारी पेन्सिल डोळ्याला लावू नका, स्वस्त असली तरी.

आतल्या कडेला लावताना

रेझिनवाली पेन्सिल पापणीच्या आतल्या ओल्या कडेवर नीट सुकत नाही. तिचे कण डोळ्यात जातात आणि तिथल्या तेलग्रंथींची तोंडं बुजू शकतात. लेन्स वापरणाऱ्यांनी आधी लेन्स घालावी, मग बाहेरूनच रेघ ओढावी. काढताना तेलकट क्लीन्झरचा कापूस वीस सेकंद नुसता टेकवून धरा, मग पुसा. आणि नाटकाच्या रंगपटात, म्हणजे मेकअपच्या खोलीत, एकच पेन्सिल चौघांत फिरत असेल आणि एकाचे डोळे आले, तर ती फेकूनच द्या. तासून वापरण्याचा मोह टाळा, शार्पनरही त्याच डब्यातला असतो.